आयजीआय आज खेळवतो का? तुमचे अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात भाच्याच्या लॅपटॉपवर 'प्रोजेक्ट आयजीआय' टाकून घेतला. शत्रूच्या तळात एकट्याने दबकत शिरायचा हा कॉम्प्युटर गेम २००० सालचा, नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजचा. सोलापुरात तो आम्हाला चार वर्षांनी भेटला, नवी पेठेतल्या एका सायबर कॅफेत. परवा ट्रेनयार्डचं पहिलं मिशन उघडलं आणि बोटं आपसूक दुर्बिणीकडे गेली. माझं मत सांगतो: बंदुका जुन्या झाल्या, जागा मात्र अजून जिवंत आहेत. टेकडीवरून खालचा अख्खा तळ दिसतो आणि दिसतो तिथवर चालत जाता येतं. इनरलूपने आधी लढाऊ विमान उडवायचा सिम्युलेटर गेम केला होता, त्याचंच इंजिन, म्हणजे दृश्य उभं करणारा मूळ प्रोग्रॅम, यात आहे. एवढी लांबची नजर तिथूनच आलीय. तुम्ही परत खेळलात का? काय टिकलं, काय नाही, हातचं न राखता लिहा.

पूर्वभागकर
आमचं घर अशोक चौकाच्या मागे. खाली वडिलांचे चार माग, वर माझा सेकंडहँड पीसी. २००६चा उन्हाळा. लोडशेडिंगच्या वेळा पेपरात यायच्या, पण लाइट त्याआधीच जायची. आयजीआयमध्ये मिशनच्या मधे सेव्ह करता येत नाही. पाऊण तास दबकत, एकेक शिपाई टिपत शेवटच्या इमारतीपर्यंत यायचं आणि स्क्रीन काळी. खालचे माग एकदम थांबायचे. ती शांतता मला अजून ऐकू येते. मग वडील आणि मी गच्चीवर जाऊन बसायचो. त्यांना ऑर्डरच्या टॉवेलची काळजी, मला मिशनची. लाइट आली की ते खाली, मी पुन्हा पहिल्या कुंपणापाशी.
आता इन्व्हर्टर आहे, गेम तोच. मागच्या महिन्यात खेळताना कळलं, सेव्ह नाही म्हणूनच मी प्रत्येक दाराआड थांबतो, कॅमेरा किती वेळात वळतो ते मोजतो. नव्या गेममध्ये दर दोन मिनिटांनी सेव्ह होतं, मेलो तरी काही वाटत नाही. इथे वाटतं. चाळिशीतही छाती धडधडते. माझ्यासाठी लई टिकलाय.

सातरस्ता
मला नाही पटत, दादा. अलार्म वाजला की बराकीच्या दारातून शिपाई येतच राहतात, कितीही मारा. कॅफेत पाचजण पाठीशी उभे राहून "मागं बघ बे!" ओरडायचे, तेव्हा ते खपून गेलं. एकट्याने खेळताना हा अन्याय वाटतो. मल्टिप्लेअरही नव्हता, म्हणजे एकमेकांशी खेळता यायचं नाही, म्हणून आमचा सगळा कॅफे काउंटर-स्ट्राइक या दोन टोळ्यांच्या गोळीबाराच्या गेमकडे वळला. तो आजही एका डावात रंगतो.

शेंगाचटणी
कॅफेत मुलींनी जायचं नाही, असं घरी ठरलेलं होतं. दादा मित्राकडून सीडी आणायचा. माउस त्याच्याकडे, चालणं-वाकणं माझ्याकडे. शिडी चढताना दृश्य बाहेरून दिसतं आणि जोन्सची, म्हणजे गेमच्या नायकाची, पाठ समोर येते; तेवढ्यात आम्ही हात बदलायचो. यंदा गड्ड्याच्या यात्रेला दादा पुण्याहून आला, तेव्हा तस्संच खेळलो. चित्र ठोकळ्यासारखं वाटलं, हे खरं. पण तिसऱ्या प्रयत्नात पहिलं मिशन पार झालं आणि दादा उठून नाचला.

जुळेसोलापूर१९
काका, मी पहिल्यांदाच खेळलो. रुंद स्क्रीनवर माणसं बसकी दिसतात. पहिला तास कंटाळलो, शिपाई कुठून बघतात तेच कळेना. मग उपग्रहाचा नकाशा झूम करायची सवय लागली. कोण कुठे फिरतंय ते आधी बघून ठेवतो आणि मगच कुंपण ओलांडतो. आता विमानतळाच्या मिशनवर अडकलोय. कुणी पार केलं असेल तर आत कुठल्या बाजूने शिरलात, तेवढं सांगा.