रात्री स्टेशनवरून एकटीने चालताना आत्मविश्वास दिसावा म्हणून काय करू? (बजेट हजार रुपये)

टिटवी
ऐरोलीला सेकंड शिफ्ट लागली आहे. ठाण्याला गाडी बदलून डोंबिवली पूर्वेला उतरेपर्यंत अकरा वाजतात. पुढे घरापर्यंत चालत. मुख्य रस्त्याला वर्दळ असते, शेवटची गल्ली मात्र सुनसान. परवा एक बाईकवाला वेग कमी करून बाजूबाजूने येत राहिला, समोरून माणसं दिसल्यावर निघून गेला. मी खांदे पाडून, मान खाली घालून चालते असं मैत्रीण म्हणते. चालणं, नजर, आवाज सुधारेल असा छोटा वर्ग किंवा पुस्तक सुचवा. हजाराच्या वर जमणार नाही. पेपर स्प्रे (डोळ्यांत मारायचा तिखट फवारा) नको. हाणामारी शिकायची नाही. हिच्या वाटेला जाऊ नये असं बघणाऱ्याला वाटावं, एवढंच हवंय.

शिरीषकाका_ठाणे
स्प्रे घ्याच. लेकीला किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचा घेऊन दिलाय, उत्तम आहे. विमानात हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, आमचा तिथेच टाकावा लागला. एवढं लक्षात ठेवा.

टिटवी
काका, स्प्रे नको म्हटलंय.

पन्हाळगड
कराटे! माझी मुलगी ब्राऊन बेल्ट आहे. वर्षाची फी अठरा हजार, पण पोरगी अशी चालते की गल्लीतली पोरं वाट सोडतात. आरोग्यासाठी पैसे मोजतो, मग सुरक्षेसाठी का नको?

रुचा_कल्याण
हजाराचं विसर, जुनी स्कूटी घे. मी घेतली आणि चालण्याचा प्रश्नच संपला.

बखर
मूळ प्रश्नाकडे येतो. १९८१ साली बेटी ग्रेसन आणि मॉरिस स्टाइन या संशोधकांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर चालणाऱ्यांचं चित्रीकरण करून ते हल्ल्यांसाठी शिक्षा झालेल्या कैद्यांना दाखवलं. कोण सोपं सावज वाटतं, एवढंच विचारलं. सोपी वाटलेली माणसं चालण्यात वेगळी होती. पाऊल शरीराच्या मानाने फार लांब किंवा फार आखूड, टाच-चवडा असं न टेकता अख्खं पाऊल उचलून ठेवणं, हातापायांचा मेळ नसणं. म्हणजे छाती काढून चालायची गरज नाही. आपल्या उंचीला साजेसं पाऊल, टाच आधी, हात मोकळे, नजर समोर. यात पैसे लागत नाहीत.

मंदाकाकू
बाळ, मी सांगते ते ऐक. माझं मंगळसूत्र मागून बाईकवर आलेल्यांनी ओढलं, मानेवर वळ उठले होते. मी रस्त्याच्या डाव्या कडेने चालले होते, वाहनं पाठीमागून. तेव्हापासून उजव्या कडेनेच चालते, येणारं वाहन समोर दिसतं. पर्स भिंतीच्या बाजूला. आणि कुणी पत्ता विचारला तर थांबून जवळ जायचं नाही, लांबूनच "माहीत नाही" म्हणायचं आणि चालत राहायचं.

पन्हाळगड
काकू, कराटे येत असतं तर मंगळसूत्र वाचलं असतं.

मंदाकाकू
बाईकवरून ओढताना काय कराटे करणार? आधी विचार करावा, मग लिहावं.

जुईली
मला या धाग्याचाच राग येतोय. चालणं आम्हीच सुधारायचं? मान खाली घालून चालणाऱ्या बाईलाही सुखरूप घरी पोचता आलं पाहिजे.

बखर
पूर्ण मान्य. दोष हल्ला करणाऱ्याचाच. आणि हेही खरं की एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी सरकारी संस्था) अहवालांत बलात्काराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. तिथे चालण्याची ढब उपयोगी नाही. टिटवीचा प्रश्न रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा आहे, तेवढ्यापुरतं हे.

रुचा_कल्याण
लेडीज डब्यात बसतेस की जनरलमध्ये? रात्री रिकामा लेडीज मला जनरलपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो.

शिरीषकाका_ठाणे
काहीतरीच! रात्री लेडीजमध्ये पोलीस असतात.

रुचा_कल्याण
काका, तुम्ही कधी बसलात लेडीजमध्ये? गर्दीचा डबा बघून चढावं, एवढंच म्हणतेय.

तिसरी_घंटा
एकांकिका स्पर्धेतल्या मुलांचा आवाज बसवून घेतो, म्हणून लिहितोय. घाबरल्यावर आवाज गळ्यात अडकतो, त्यामुळे सराव आधी हवा. घरात, उभं राहून, श्वास पोटात घेऊन "मागे व्हा!" म्हणायचं. दोनच शब्द, शेवट खाली आणायचा; वर गेला की विनंती वाटते. "प्लीज", "भैया" काही नको. मदत मागताना नुसतं "वाचवा" म्हटलं की जो तो दुसऱ्याकडे बघतो. एकाला निवडायचं: "ओ निळा शर्ट, इकडे या! हा माणूस माझ्या मागे लागलाय!"

शिरीषकाका_ठाणे
आवाज महत्त्वाचाच. पण स्प्रेही हवा.

माऊ
मंदाकाकूंना +१. शिवाय कानातले इअरफोन काढ. फोन बघत चालू नकोस. फोनवर आपत्कालीन एसओएस सुरू करून ठेव, बऱ्याच फोनवर पॉवरचं बटण पाचदा दाबलं की चालतं. पाठलाग होतोय असं वाटलं तर घराकडे वळायचं नाही, उघड्या मेडिकलमध्ये शिरायचं आणि ११२ लावायचा. ट्रेनमध्ये असशील तर रेल्वेची हेल्पलाइन १३९. आणि कुणी चाकू दाखवून पर्स मागितली तर देऊन टाक. तिथे ताठ मानेने उभं राहायचं नाही.

पन्हाळगड
पर्स का द्यायची? स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे.

माऊ
आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३४ पासून. म्हणून हजार रुपयांसाठी पोटात चाकू घ्यायचा का?

जुईली
माऊ, हे आवडलं. राग कायम आहे, पण एसओएस आत्ताच सुरू केलं.

टिटवी
सगळ्यांचे आभार. मंदाकाकू, कालपासून उजव्या कडेने चालतेय, बाईक लांबूनच दिसते. "मागे व्हा" चा सराव आईसमोर केला, ती दचकली.
पण वर्ग, स्प्रे, स्कूटी, कराटे यातलं काहीच घेत नाहीये. शाळेत कबड्डी खेळायचे, ती पुन्हा सुरू करतेय. जवळच्या मैदानावर मुलींचा संघ सकाळी सराव करतो, माझी शिफ्ट दुपारची. चढाईला जाताना गुडघे सैल, नजर समोरच्यांवर आणि मागच्या रेषेचं भान, हे अंगात होतं, नोकरीत गेलं. महिन्याची वर्गणी दोनशे. उरलेल्या पैशांत साधे बूट घेते, चपलेने पाय घासत चालते मी.

पन्हाळगड
कबड्डीत गुडघा जातो. माझा गेलाय.

मंदाकाकू
जा गं तू. बूट मात्र संध्याकाळी घे, दिवसभराने पाय सुजतात.