शब्दचर्चा: खेळाडूंचा 'संप' की मालकांची 'टाळेबंदी'?

माझी भाची हिंजवडीत एका अमेरिकी कंपनीत आहे. तिकडच्या सहकाऱ्यांशी रोज बोलता बोलता तिला बेसबॉलची गोडी लागली आणि आता ती माझ्यासारख्या जन्मभर क्रिकेट-कबड्डी बघणाऱ्यालाही त्यात ओढते. परवा म्हणाली, "मामा, बेसबॉल लीगचा खेळाडूंबरोबरचा करार १ डिसेंबर २०२६ला संपतोय. लॉकआउट होईल की काय, अशी धास्ती आहे." मी सहज बोलून गेलो, "म्हणजे खेळाडू परत संपावर जाणार म्हण की." तिने तिथेच अडवलं. "संप नाही मामा. लॉकआउट मालक करतात."

चूक माझी, आणि ती मनाला लागली. माझे वडील भोसरीतल्या एका कारखान्यात फिटर होते. मी शाळेत असताना पगारवाढीचा करार रखडला आणि एका सकाळी पहिल्या पाळीची माणसं पोचली तर गेटला टाळं आणि शेजारी नोटीस. पुढचे काही महिने शेजारीपाजारी विचारायचे, "संप कधी मिटतोय?" आई दर वेळी सांगायची, "संप नाही हो, टाळेबंदी आहे. हे रोज जाऊन गेटवर उभे राहतात." मला वाटायचं, काम बंद ते बंद, नावाने काय होतंय? पण व्हायचं. उधारी मागायला गेलं की दुकानदार म्हणायचा, "आधी कामावर जायला सांगा त्यांना." तो 'संप' असं समजून बोलत होता.

म्हणून हा धागा. संपात कामगार काम थांबवतो, टाळेबंदीत मालक. बेसबॉलमध्ये दोन्ही झालंय. १२ ऑगस्ट १९९४ला खेळाडूंनी संप पुकारला, तो २३२ दिवस चालला आणि १९०४नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, झाली नाही. २ डिसेंबर २०२१ला मात्र मालकांनी टाळेबंदी केली, ती ९९ दिवस चालली. अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगचा २००४-०५चा अख्खा हंगाम वाया गेला, तीही टाळेबंदीच. पण कट्ट्यावर यातलं काहीही निघालं की वाक्य एकच, "खेळाडू माजलेत." खेळाडूचा चेहरा आपल्याला पाठ असतो आणि मालकाचा बहुतेकांना माहीतही नसतो, म्हणून राग ओळखीच्या माणसावर निघतो. एसटीचा २०२१-२२चा संप आठवा. रोज 'प्रवाशांचे हाल' वाचून स्वारगेटला ताटकळलेला माणूस ड्रायव्हर-कंडक्टरवरच चिडायचा, पगार किती नि कधी होतो हे त्याला कोणी सांगत नव्हतं. मीही चिडलो होतो.

आणखी दोन शब्द मला खुपतात. पहिला 'बंड'. खेळाडू एकत्र येऊन पैशांबद्दल बोलले की मथळा येतो, 'खेळाडूंचे बंड'. बंड करते ती प्रजा, किंवा फौज. १९७७मध्ये केरी पॅकर या ऑस्ट्रेलियन टीव्ही चॅनलच्या मालकाने जगभरचे क्रिकेटपटू स्वतःच्या सामन्यांसाठी करारबद्ध केले तेव्हा ते 'बंडखोर' ठरले. त्यांनी केलं काय होतं? जास्त पगाराची नोकरी धरली होती. कारखाना बदलणाऱ्या फिटरला आपण बंडखोर म्हणत नाही.

दुसरा 'मानधन', आणि माझ्या मते हा जास्त घातक. मान आहे म्हणून धन, म्हणजे देणाऱ्याची मर्जी. अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईंना 'मानधन' मिळतं आणि वेतन म्हणा, या मागणीसाठी त्यांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागतात. वेतन म्हटलं की हिशेब आला, थकबाकी आली, करार आला. मानधन वाढवून मागणारा माणूस हावरट दिसतो. कोट्यवधी घेणाऱ्या क्रिकेटपटूसाठी आणि जिल्हा पातळीवरच्या कबड्डीपटूसाठी आपण हा एकच शब्द वापरतो, आणि दोघांचंही काम त्यात झाकलं जातं.

तुम्ही कोणते शब्द वापरता?

प्रतिसाद

कामगार न्यायालयात वकिली करते, म्हणून थोडी भर. टाळेबंदीला खरं टाळं लागतं असं नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत तीन गोष्टी होत्या: कामाची जागा तात्पुरती बंद ठेवणं, काम स्थगित करणं, किंवा कामावर असलेल्यांना पुढे कामावर ठेवायला नकार देणं. गेट सताड उघडं असलं तरी टाळेबंदी होऊ शकते.

पुण्यात एक वेगळाच घोळ २०२०पासून झालाय. लॉकडाऊनला सर्रास 'टाळेबंदी' म्हटलं गेलं. आता अशिलाशी बोलताना "टाळेबंदीच्या काळात" म्हटलं की तो करोनाचं सांगायला लागतो. दोन महिन्यांपूर्वी एकाच्या जबाबात मला हा शब्द खोडून 'मालकाने केलेली टाळेबंदी' असं लिहावं लागलं. लॉकडाऊनला लॉकडाऊनच म्हणावं आणि टाळेबंदी कामगारांना परत द्यावी, असं मला कळकळीने वाटतं.

धागालेखक

ताई, तंतोतंत. तुमची व्याख्या भाचीला वाचून दाखवली. ती म्हणाली, २०२१च्या टाळेबंदीत असंच झालं. खेळाडूंना क्लबच्या सरावाच्या जागा बंद, क्लबच्या प्रशिक्षकांशी बोलणंही बंद, आणि लीगने आपल्या संकेतस्थळावरून खेळाडूंचे फोटोसुद्धा उतरवले. टाळं कुठेच दिसत नव्हतं.

प्रतिसाद

'टाळेबंदी' आणि 'ताळेबंद' हे शब्द ऐकायला जवळजवळ सारखे आहेत, पण मूळ वेगळं. टाळेबंदीतलं टाळं म्हणजे कुलूप. ताळेबंदातला ताळा म्हणजे हिशेबाचा मेळ, आपण 'ताळा करून बघ' म्हणतो तो.

खेळातल्या भांडणांत मात्र हे दोन शब्द सतत एकमेकांना भेटतात. मालक म्हणतात, तोटा होतोय, पगारांना मर्यादा घाला. खेळाडू म्हणतात, आधी ताळेबंद दाखवा. आइस हॉकीच्या त्या टाळेबंदीआधी लीगने आर्थर लेविट (अमेरिकी शेअर बाजार नियामकाचे माजी प्रमुख) यांच्याकडून हिशेब तपासून घेतला. त्यांनी २००२-०३च्या हंगामाचा तोटा २७.३ कोटी डॉलर काढला आणि खेळाडूंच्या युनियनने तो आकडा मानला नाही. स्टेडियममधल्या खाण्यापिण्याचं, पार्किंगचं, टीव्हीचं उत्पन्न नेमकं कोणाच्या वहीत धरायचं, यावर अशी भांडणं अडतात. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेटपटूंचं २०१७चं भांडण याच जातीचं. १९९७पासून त्यांना मंडळाच्या उत्पन्नात वाटा होता, मंडळाला ती पद्धत मोडायची होती. ३० जूनला करार संपला आणि सुमारे २३० खेळाडू बेकार झाले. ऑगस्टच्या सुरुवातीला तोडगा निघाला आणि वाटा टिकला. याला संप म्हणणार की टाळेबंदी? माझ्या मते दोन्ही नाही. करार संपला आणि नवा झाला नाही, एवढंच. यासाठी 'करारकोंडी' असा शब्द सुचवतो.

प्रतिसाद

'संप'बद्दल. माझं माहेर गुजराती, रास्ता पेठेतलं. गुजरातीत 'संप' म्हणजे एकी. आजी म्हणायची, 'संप त्यां जंप', एकी तिथे शांतता. लग्न होऊन आले तेव्हा मराठी पेपरात 'कामगारांचा संप' वाचून वाटलं, कामगारांमध्ये छान एकोपा आहे अशी बातमी दिसतेय!

पण विचार केला तर मराठी अर्थही त्याच धाग्यातला आहे. मराठीत संप 'फुटतो'. फुटते ती एकी, बंद पडलेलं काम कसं फुटेल? 'संपफोड्या' हा शब्दही त्यातलाच.

धागालेखक

हे माझ्या कधीच लक्षात आलं नव्हतं, मनापासून आभार. आणि टाळेबंदी कधी 'फुटत' नाही, ती 'उठते'. ज्याने लावली त्याने उठवायची.

संपफोड्यांचं खेळातलं उदाहरण फार बोलकं आहे. १९८७मध्ये अमेरिकी फुटबॉलच्या खेळाडूंनी संप केला तेव्हा मालकांनी एकच आठवडा सामने थांबवले आणि मग भलतीच माणसं त्याच जर्सी घालून मैदानात उतरवली. ते सामने गुणतक्त्यात धरले गेले. काही नावाजलेले खेळाडूही परत फिरले. २४ दिवसांत संप फुटला. माझ्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "लोक बघायला गेले का?" गेले, पण बऱ्याच ठिकाणी खुर्च्या रिकाम्या होत्या.

प्रतिसाद

मी तुमच्याशी सहमत नाही. भोसरीचा फिटर आणि आयपीएलच्या लिलावात २७ कोटींना गेलेला क्रिकेटपटू यांना एका ओळीत बसवू नका. एक कोट्यधीश दुसऱ्या अब्जाधीशाशी भांडतो, त्यात मी तिकीट काढणारा मरतो. मला दोघांचंही सोयरसुतक नाही. गहुंज्याच्या स्टेडियमला पोरांना पुण्याच्या टीमचे सामने बघायला घेऊन जायचो, आता टीमच नाही, नेऊ कुठे?

धागालेखक

तुमची तळमळ समजते, मीही गहुंज्याला जाणारा आहे. पण पुण्याने टीम गमावली ती कशी, ते बघा. पुणे वॉरियर्स २०१३मध्ये गेली ती मालक आणि मंडळ यांच्यातल्या फ्रँचायझी शुल्काच्या वादात. त्यानंतरची टीम मुळात दोनच हंगामांसाठी होती. २०१७ची फायनल एका धावेने हरली आणि खेळ खल्लास. दोन्ही वेळा खेळाडूंनी ना संप केला, ना काही मागितलं. भारतात आज खेळत असलेल्या क्रिकेटपटूंची युनियनच नाही. २०१९मध्ये झालेली संघटना निवृत्तांची आहे. तरी आपली टीम गेलीच.

आणि २७ कोटींचं म्हणाल, तर ते एकाचं झालं. त्याच लिलावात ३० लाखांच्या मूळ किमतीत नाव देऊन पुकारासुद्धा न झालेली पोरं असतात. बांगलादेशात २०१९च्या ऑक्टोबरमध्ये शाकिब आणि मंडळी तीन दिवस संपावर गेली, तेव्हा मागण्यांमध्ये देशांतर्गत सामन्यांच्या पैशांचा विषय ठळक होता. नाव मोठ्यांचं होतं, पोट बारक्यांचं.

प्रतिसाद

बालेवाडीचं कोणी कसं काढलं नाही? जानेवारी २०१०. दिल्लीचा हॉकी वर्ल्डकप महिना-दीड महिन्यावर, भारतीय संघाचं शिबिर बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, आणि कर्णधार राजपालसिंगसह खेळाडूंनी सराव थांबवला. पैसे द्या, मग मैदानात येतो. मी तेव्हा बाणेरला राहायचो. आमच्या सोसायटीत मोठी माणसं म्हणत होती, "देशासाठी खेळताना पैसे मागतात!" त्यांच्यातलेच दोघे पगारवाढ झाली नाही म्हणून नोकरी बदलून आले होते.

तिकडे 'मालक' शब्दच लागू पडत नव्हता. बरेच खेळाडू नोकरीला तेल कंपन्यांत, विमान कंपनीत, रेल्वेत, पोलिसांत. खेळवणार हॉकीची संघटना. पगार एकाचा, घाम दुसऱ्यासाठी. काही दिवसांत तडजोड झाली, वर्ल्डकपच्या पहिल्या सामन्यात पाकिस्तानला ४-१ हरवलं, शेवटी आठवे आलो.

यावरून एक शब्द. 'संघटना' हा मराठीत फार अडचणीचा शब्द आहे. खेळ चालवणारी ती संघटना आणि कामगारांची तीही संघटना. वेस्ट इंडिजचे खेळाडू २०१४मध्ये धरमशालेच्या सामन्यानंतर दौरा सोडून गेले, तेव्हा त्यांचं भांडण मंडळाशी होतं आणि ज्या युनियनने मंडळाशी करार केला तिच्याशीही. हे मराठीत 'संघटना' वापरून सांगून बघा, ऐकणारा गोंधळून जाईल. खेळाडूंच्या बाजूला 'युनियन'च म्हणावं. भोसरी-चिंचवडात कोणीही 'आमची संघटना' म्हणत नाही, 'आमची युनियन' म्हणतात.

धागालेखक

युनियनला माझा पूर्ण पाठिंबा.

एक शब्द अजून अडलाय. अमेरिकी बेसबॉलमध्ये कित्येक दशकं करारात एक कलम असायचं. करार वर्षाचा, पण वर्ष संपलं की क्लबने तो आपल्या बाजूने पुढे चालू ठेवायचा, आणि खेळाडूने दुसरीकडे जायचं नाही. क्लबला वाटलं तर त्याला दुसऱ्या गावी पाठवून देणार. कर्ट फ्लडने १९६९मध्ये असं जायला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९७२मध्ये हरला. अशा खेळाडूला काय म्हणावं? 'वेठबिगार' म्हणवत नाही, पगार मिळत होता.

प्रतिसाद

सालगडी म्हणा. आमच्या इंदापूरकडे पाडवा ते पाडवा ठरवतात.

प्रतिसाद

सालगडी बसत नाही. माझे चुलते सालगडी होते. पाडव्याला साल संपलं की ते दुसऱ्याच्या वाड्यावर जाऊ शकायचे, फक्त अंगावरची उचल फिटलेली पाहिजे. या खेळाडूच्या अंगावर तर उचलही नव्हती, तरी त्याचं साल संपत नव्हतं.

धागालेखक

तुमचं बरोबर आहे, आणि हे भांडण मिटलंही नेमकं याच मुद्द्यावर. १९७५चा हंगाम अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली नव्या करारावर सही न करता खेळायला उतरले. त्या वर्षी २३ डिसेंबरला पीटर साइट्झ या लवादाने निकाल दिला की करारात 'एक वर्ष' लिहिलंय, तर त्याचा अर्थ एकच वर्ष. ते सरलं, माणूस मोकळा.

वडिलांना विचारलं, याला काय म्हणायचं? ते म्हणाले, "पाडवा झाला त्यांचा."