हायपॉथेसिस म्हणजे गृहीतक, परिकल्पना की आणखी काही?

घाटवाट : दख्खनच्या पठारावरील ज्वालामुखी उद्रेक आणि डायनोसॉरांचा विनाश यांच्या संबंधावरील एका लेखाचे मी सध्या मराठीत भाषांतर करीत आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरांसह असंख्य जीवजाती नाहीशा झाल्या. 1980 साली लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आपल्या सहकाऱ्यांसह, त्या काळच्या मातीच्या पातळ थरात सापडलेल्या इरिडियम या, पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ पण अशनींत अधिक आढळणाऱ्या धातूच्या आधारे, अवकाशातून आलेल्या प्रचंड पाषाणाच्या आघाताची कल्पना मांडली. पुढे 1991 साली मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाखाली गाडले गेलेले चिक्शुलूबचे विवर हेच त्या आघाताचे ठिकाण असल्याचे मांडले गेले आणि त्या कल्पनेला मोठे बळ मिळाले. मात्र सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हारसापासून बनला ते उद्रेकही त्याच सुमारास चालू होते आणि विनाशाचा बराचसा वाटा त्यांच्याकडे जातो, असे मानणारे भूवैज्ञानिक आजही आहेत.

मूळ लेखक एके ठिकाणी म्हणतात की आघाताची कल्पना आता नुसती हायपॉथेसिस राहिलेली नाही, पण विनाशाचे सगळे तपशील उलगडून सांगणारी थिअरीही ती अद्याप झालेली नाही. मी 'परिकल्पना' आणि 'सिद्धांत' हे शब्द योजले होते. 'परिकल्पना' हा हिंदीतून आलेला शब्द आहे आणि आपल्या वाचकाला सापेक्षतावाद, उत्क्रांतिवाद हेच परिचित आहेत, असे सांगून संपादकांनी पहिल्या शब्दाच्या जागी 'गृहीतक' आणि दुसऱ्याच्या जागी 'वाद' घातला. परिणामी वाक्य असे झाले आहे : "आघात हे आता केवळ गृहीतक राहिलेले नाही, पण तो अद्याप वादही झालेला नाही." हे वाचून कोणीही असेच समजेल की आघाताविषयी आता कोणाचे दुमत उरलेले नाही, जे लेखकाच्या म्हणण्याच्या नेमके उलट आहे. संपादकांशी बोलण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

खडू-फळा : मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत भूमिती शिकवली, त्यामुळे 'गृहीतक' या शब्दाविषयी थोडे अधिकाराने बोलू शकतो. शाळेच्या भूमितीत युक्लिडच्या विधानांना आपण गृहीतके म्हणतो, म्हणजे जी सिद्धतेविना मान्य करायची आणि ज्यांच्यावर पुढची सगळी इमारत उभी करायची अशी विधाने. हायपॉथेसिस मात्र मांडली जाते तीच मुळी तपासण्यासाठी. जे तपासायचेच नाही त्याचे नाव जे तपासायचे आहे त्याला देणे मला मान्य होण्यासारखे नाही. बोलण्यातसुद्धा "मला गृहीत धरू नका" असे आपण म्हणतो तेव्हा तक्रार हीच असते की समोरच्याने आपल्याविषयी विचारपूस करणे सोडून दिले आहे.

एक विसरला गेलेला शब्दही सुचवतो. प्रमेय लिहिताना मुले 'पक्ष', 'साध्य', 'रचना', 'सिद्धता' असे मथळे देतात. इंग्रजी भूमितीत प्रमेयाच्या 'जर' या भागाला हायपॉथेसिसच म्हणतात आणि आपण त्याला 'पक्ष' म्हणतो. तेव्हा 'आघातपक्ष' आणि 'ज्वालामुखीपक्ष' असे का म्हणू नये?

प्रश्नावली : 'पक्ष' म्हटल्यावर वाचकाला निवडणूक आठवेल, त्यामुळे तो शब्द बाजूला ठेवावा असे मला वाटते. परंतु गृहीतकाविषयी वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्याचा पुरावा आमच्या क्षेत्रात रोज दिसतो. शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही मराठी लघुप्रबंधाचे पहिले प्रकरण उघडून पाहावे. तिथे 'संशोधनाची गृहीतके' आणि 'संशोधनाच्या परिकल्पना' असे दोन स्वतंत्र मथळे असतात. विद्यार्थी प्रामाणिकपणे उत्तरे देतील हे गृहीतक असते, कारण ते आपण तपासत नाही. 'दोन गटांच्या गुणांमध्ये लक्षणीय फरक नाही' ही शून्य परिकल्पना असते, कारण तिच्यासाठीच सगळा खटाटोप असतो. महाराष्ट्रभरच्या विद्यार्थ्यांनी ज्या भेदावर पाने भरली आहेत तो भेद 'परिकल्पना हिंदी आहे' एवढ्या कारणाने पुसून टाकणे योग्य नाही. शिवाय शब्दाची घडण संस्कृत आहे, आणि ती जितकी हिंदीची तितकीच आपलीही आहे.

ठेठ मराठी : या संपूर्ण चर्चेत मराठी शब्द एकही आलेला नाही, हे कोणाच्या लक्षात आले आहे काय? परिकल्पना, गृहीतक, पक्ष, सिद्धांत हे सगळे संस्कृतचे दागिने आहेत. आपल्या आजीने यांपैकी एकही शब्द उच्चारला नसता, पण पाऊस का लांबला याविषयी ती 'अटकळ' नक्की बांधत असे, आणि तिचा 'होरा' सहसा चुकत नसे. 'अटकळ बांधणे' या प्रयोगात तात्पुरतेपणा आहे, पुढे ती खरी ठरण्याची वा फसण्याची शक्यता आहे, आणि बांधणाऱ्याची बुद्धीही त्यात दिसते. अल्वारेझ पितापुत्रांनी अटकळच बांधली होती. 'होरा' तर त्याहून नेटका आहे, दोन अक्षरांचा आणि अस्सल आपल्या मातीतला.

तळटीप : 'होरा' अस्सल आपल्या मातीतला आहे, हे विधान मात्र तपासून घ्यावे लागेल. हा शब्द फलज्योतिषातून आला आणि ज्योतिषात तो ग्रीकांकडून आला. ग्रीक भाषेतील 'होरा' म्हणजे काळाचा विभाग, आणि इंग्रजीतला 'अवर'ही त्याच घराण्यातला आहे. म्हणजे 'हायपॉथेसिस' हा ग्रीक शब्द नाकारून त्याच्या जागी आपण दुसरा ग्रीक शब्द बसवणार आहोत. मला त्यात काहीही वावगे दिसत नाही, फक्त त्याला शुद्धीकरण म्हणू नये.

मूळ प्रश्नाकडे येतो. तर्कशास्त्रावरील मराठी लेखनात हायपॉथेसिससाठी 'अभ्युपगम' हा शब्द भेटतो आणि त्याच्यामागे मोठी परंपरा आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे न्याय या प्राचीन भारतीय तर्कदर्शनाच्या मूळ ग्रंथात, सिद्धांताचे चार प्रकार सांगितले आहेत : सर्वतंत्र, प्रतितंत्र, अधिकरण आणि अभ्युपगम. यांतील शेवटचा म्हणजे, एखादी गोष्ट परीक्षा न करताच तूर्त मान्य करून तिच्या विशेषांचे परीक्षण करणे. 'असे आहे असे क्षणभर मानू आणि मग काय निष्पन्न होते ते पाहू' ही वृत्ती यात स्पष्ट आहे. अर्थात तिथे हा सिद्धांताचाच एक प्रकार मानला आहे, त्यामुळे आज आपण 'हायपॉथेसिस खालच्या पायरीवर आणि थिअरी वरच्या पायरीवर' अशी जी उतरंड गृहीत धरतो, ती तिथे नाही.

प्रयोगवही : मी रेणवीय जीवशास्त्रात काम करतो. आमच्या प्रयोगशाळेत मराठी बोलणारे चौघे आहोत आणि आम्ही आपसांत मराठीतच बोलतो, पण 'अभ्युपगम' हा शब्द उच्चारण्याचे धाडस आमच्यापैकी कोणी करील असे वाटत नाही. आम्ही 'हायपॉथेसिस' म्हणतो. शब्द रुळला की तो मराठीच झाला, जसे 'टेबल' आणि 'स्टेशन' झाले. आमच्यात मतभेद आहे तो लिंगाविषयी. सांगलीची सहकारी 'माझी हायपॉथेसिस' म्हणते, मी 'माझं हायपॉथेसिस' म्हणतो आणि नागपूरचा मित्र 'माझा हायपॉथेसिस' म्हणतो. तिन्ही कानाला खटकत नाहीत, याचा अर्थ शब्द अजून पूर्ण मुरलेला नाही असाही कोणी काढू शकेल. 'थिअरी' मात्र निर्विवाद स्त्रीलिंगी आहे.

घाटवाट : मूळ लेखात हायपॉथेसिस, थिअरी आणि मॉडेल हे तिन्ही शब्द अनेकदा आले आहेत, त्यामुळे तिन्ही तसेच ठेवले तर भाषांतर कशाचे केले असा प्रश्न पडेल. गृहीतकाचा निकाल लागल्यासारखा दिसतो, पण 'वाद' या शब्दाविषयी अद्याप कोणी लिहिलेले नाही.

तळटीप : 'वाद' हा मुळात हलका शब्द नाही. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार आहेत. तत्त्व जाणून घेण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे वाद, जिंकण्यासाठी केलेली म्हणजे जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची खोडणारी म्हणजे वितंडा. सांख्यांचा सत्कार्यवाद आणि वैशेषिकांचा परमाणुवाद यांत 'वाद' म्हणजे विचारपूर्वक मांडलेले मत. अडचण नंतरच्या वापराने आली. 'गीतारहस्या'चे चौथे प्रकरण 'आधिभौतिक सुखवाद' आहे, म्हणजे 1915 सालीच 'वाद' हा इंग्रजीतील 'इझम'साठी सर्रास वापरात होता. आज समाजवाद, वास्तववाद, जातीयवाद यांच्या रांगेत 'उत्क्रांतिवाद' बसला की तो एका गटाची भूमिका वाटतो, ज्याला पटेल त्याने मानावी अशी.

प्रयोगवही : हे केवळ वाटण्यापुरते राहत नाही. 2018 साली औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनची मांडणी वैज्ञानिकदृष्ट्या चुकीची असल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा "शेवटी तो वादच आहे, नियम थोडाच आहे" असा बचाव मी मराठीतून प्रत्यक्ष ऐकला. इंग्रजीत 'ती तर नुसती थिअरी आहे' असे म्हणणारे असतातच, पण मराठीत शब्दच त्यांच्या मदतीला धावून जातो. विश्वकोशात मी 'क्रमविकास' हा शब्द पाहिला आहे, तो या दृष्टीने अधिक सुरक्षित आहे. सापेक्षतेच्या बाबतीत तर गोंधळ दुहेरी आहे, कारण 'सत्य हे व्यक्तिसापेक्ष असते' असे मानणाऱ्या तत्त्वज्ञानातील भूमिकेलाही आपण सापेक्षतावादच म्हणतो, आणि आइन्स्टाइनच्या 1905 व 1915 मधील कामाचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. तिथे 'सापेक्षता सिद्धांत' हेच योग्य.

खडू-फळा : 'सिद्धांत'ही निर्दोष नाही. आमच्या लहानपणी 'पायथागोरसचा सिद्धांत' होता, आता दहावीच्या भूमितीत 'पायथागोरसचे प्रमेय' आहे, आणि हा बदल मला योग्य वाटतो. जे एकदा सिद्ध झाले की कायमचे सिद्ध झाले ते प्रमेय. डार्विनची वा आइन्स्टाइनची मांडणी त्या अर्थाने 'सिद्ध' होत नसते, ती नव्या पुराव्यापुढे उभी राहत जाते. 'सिद्धांत' या शब्दातला 'सिद्ध' विद्यार्थ्याला नको ती खात्री देतो.

म्हणून मी 'उपपत्ती' सुचवतो. जी गोष्टींची संगती लावते, कारण उलगडते, ती उपपत्ती. भाषांतरकर्त्यांच्या वाक्याला तर ती अचूक बसते : "आघात ही आता केवळ परिकल्पना राहिलेली नाही, पण विनाशाची संपूर्ण उपपत्ती तिच्यातून अद्याप लागत नाही."

तळटीप : वाक्य सुंदर आहे. परंतु ज्या गणिताचे आपण अध्यापक आहात त्याच गणितात 'उपपत्ती' म्हणजे सिद्धता. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर गणेश दैवज्ञांनी 1545 च्या सुमारास 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली, आणि तिचे महत्त्व त्यांनी नियमांच्या उपपत्ती दिल्या यातच आहे. हे गणेश दैवज्ञ आपल्या कोकणातील नांदगावचे.

खडू-फळा : त्यांचा 'ग्रहलाघव' मला ठाऊक आहे. पंचांगकर्त्यांनी तो शतकानुशतके वापरला आणि त्यात ज्या-चापांचे, म्हणजे त्रिकोणमितीचे, गणित पूर्णपणे टाळलेले आहे. पण त्या उपपत्ती पाहाव्यात. त्यांत कोठे आकृती काढून पटवलेले आहे, कोठे बीजगणिताने दाखवलेले आहे. नियम असा का आहे याचा तो उलगडा आहे, युक्लिडच्या पद्धतीची गृहीतकांपासूनची सिद्धता तो नाही. म्हणजे माझ्या सुचवलेल्या अर्थाला आपण आधारच दिलात.

ठेठ मराठी : 'होरा' या शब्दाविषयी मला उत्तर द्यायचे राहिले होते. वराहमिहिरांनी स्वतः 'बृहज्जातका'त नोंदवले आहे की 'अहोरात्र' या शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गाळले की 'होरा' उरतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या आचार्यांचे म्हणणे डावलून आपण युरोपीय पंडितांचे मानणार असू, तर प्रश्न शब्दाचा नसून मनोवृत्तीचा आहे.

तळटीप : वराहमिहिरांनी ते 'काहींचे मत' म्हणून नोंदवले आहे, आणि याच आचार्यांनी 'बृहत्संहिते'त यवनांमध्ये हे शास्त्र उत्तम रीतीने प्रतिष्ठित असल्याने त्यांचाही ऋषींप्रमाणे मान राखला जातो, असे म्हटले आहे. त्यांना ग्रीकांचे ऋण मान्य करण्यात संकोच वाटला नाही. शिवाय आपण सुचवलेल्या 'होरा'मध्ये आणखी एक अडचण आहे : होरा हा नेहमी पुढे काय होईल याचा असतो, तर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी काय झाले याचा होरा बांधता येत नाही.

ठेठ मराठी : निवडणुकीत कोण का हरले याविषयीही लोकांचा होरा असतो. शब्द जिवंत असतो तेव्हा तो दोन्ही दिशांना जातो.

कोयनाकाठ : आमच्या भागात हा प्रश्न पुस्तकी नव्हता. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपानंतर, धरणाच्या जलाशयामुळे भूकंप झाला की नाही, यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ चर्चा झाली, आणि आज जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे ते जगप्रसिद्ध उदाहरण मानले जाते. घरी वडीलधारी माणसे याविषयी बोलत तेव्हा "शास्त्रज्ञांचं असं म्हणणं आहे" एवढेच म्हणत, आणि पुढे पुरावा वाढला तसे "असं आता मानतात" म्हणू लागले. भाषांतरात नामाच्या जागी नामच बसवले पाहिजे असा नियम नाही. मराठी हे काम क्रियापदाकडून अधिक सहजपणे करून घेते.

प्रश्नावली : लेखात ते चालेल, प्रबंधात चालणार नाही, कारण परीक्षक मथळे मोजतात. क्रियापदांचा विषय निघालाच आहे तर माझी जुनी अडचण मांडते. लक्षणीय फरक आढळला नाही की आमचे विद्यार्थी "शून्य परिकल्पनेचा स्वीकार केला" असे लिहितात, आणि काही मार्गदर्शकही तसेच लिहून घेतात. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी 1935 च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की शून्य परिकल्पना कधीही सिद्ध होत नाही, प्रयोगातून ती फार तर खोटी ठरू शकते. मी "त्याग करता आला नाही" असे लिहायला सांगते, तर विद्यार्थ्यांना ते अपयशाची कबुली दिल्यासारखे वाटते.

खडू-फळा : 'त्याग' हा शब्दच तिथे चुकीचा आहे. त्याग आपल्या प्रिय वस्तूचा करतात. "फेटाळता येत नाही" असे लिहावे.

ठेठ मराठी : फेटाळणे हे कोर्टातले झाले, अर्ज फेटाळतात. "खोडून काढता आली नाही" असे म्हणावे.