स्वस्तातला ३४ इंची कर्व्ह्ड अल्ट्रावाइड (जास्त रुंद) मॉनिटर घ्यावा, की सपाट २७ इंचीवर भागवावं?

धागाकर्ता: बजेट २८ हजार, त्यावर एक रुपया नाही. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, ८ जीबी. खेळ : सायबरपंक २०७७, फोर्झा होरायझन ५, एल्डन रिंग आणि अधूनमधून व्हॅलोरंट. एकीकडे ३४ इंची कर्व्ह्ड व्हीए (एलसीडी पॅनेलचा एक प्रकार), ३४४०×१४४० पिक्सेल. दुसरीकडे २७ इंची सपाट आयपीएस (पॅनेलचा दुसरा प्रकार), २५६०×१४४०. टेबल चार फुटी. मतं कारणांसकट द्या.

सपाट_सरळ: २७ इंची. ३४४०×१४४० म्हणजे ४९.५ लाख पिक्सेल, २५६०×१४४० म्हणजे ३६.९ लाख. प्रत्येक फ्रेमला कार्डावर ३४ टक्के जादा ओझं. आणि ३४ आकड्यावर भाळू नका, दोन्हींची उंची तेरा इंचांच्या आसपासच असते. जास्तीचं मिळतं ते फक्त आडवं. तेही एल्डन रिंगमध्ये वाया, कारण तिथे २१:९ (अल्ट्रावाइडचं रुंदी-उंचीचं प्रमाण) नाहीच : दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. व्हॅलोरंटमध्येही जास्तीचं दृश्य मिळत नाही.

रातकिडा: असहमत. यादीतले दोन खेळ मोजले, उरलेले दोन कुठे गेले? फोर्झात आतून गाडी चालवताना बाजूच्या काचेतून वळणाचा आतला काठ दिसू लागतो, तो १६:९ मध्ये (२७ इंचीच्या प्रमाणात) कापलेलाच असतो. ओझ्याचं म्हणाल तर डीएलएसएस (कमी पिक्सेलांत चित्र काढून ते एआयने मोठं करणारी सोय) क्वालिटीवर ठेवलं की कार्ड प्रत्यक्षात २२९३×९६० च रंगवतं. टेक्स्चर एक पायरी खाली, रे ट्रेसिंग (प्रकाशाचा खराखुरा भास, कार्डाला जड) बंद. सायबरपंक मजेत चालतो. शिवाय व्हीएचा कॉन्ट्रास्ट (उजळ आणि काळ्यातला फरक) ३०००:१ च्या घरात, साध्या आयपीएसचा १०००:१. दिवे मालवून खेळणाऱ्याला आयपीएसचं काळं राखाडीच दिसतं.

सपाट_सरळ: काळं दिसतं खरं, पण हललं की सांडतं! व्हीए सगळ्यात मंद असतो तो काळ्यावरून गडद राखाडीवर जाताना. १४४ हर्ट्झला (सेकंदाला १४४ चित्रं) एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, जेमतेम ७ मिलिसेकंद टिकते, आणि स्वस्त पॅनेलला या बदलासाठी त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. रात्रीच्या गल्लीत कॅमेरा फिरवा, खांबामागे ओल्या काजळावर बोट फिरवल्यासारखा फराटा येतो. मॉनिटरच्या मेन्यूत ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलवणारी सोय) शेवटच्या पायरीवर नेलं की फराट्याऐवजी फिकट कडा उमटतात. रोगापेक्षा औषध वाईट.

रातकिडा: मधली पायरी ठेवा आणि खेळातला ब्राइटनेस किंचित वाढवा. फराटा जात नाही, पण कमी होतो. काळं थोडं फिकटतं, हे कबूल.

वायरमन: तुमचं चालू द्या. घोडं अडतं ते केबलवर. एचडीएमआय २.० वर ३४४०×१४४० ला १०० हर्ट्झच्या आसपासच मिळतात. १४४ किंवा पुढचे हवेत तर डिस्प्लेपोर्ट १.४ लावा. मग विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा, कित्येकदा तो ६० वरच बसलेला असतो.

दुसरं : व्हीएवर व्हीआरआर (मॉनिटरचा रिफ्रेश रेट खेळाच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) चालू असताना पडदा बऱ्याचदा लुकलुकतो. खालची मर्यादा बहुधा ४८ हर्ट्झ. फ्रेम त्याखाली गेल्या की मॉनिटर एकच फ्रेम दोनदा दाखवतो, आणि ४८ च्या अल्याड-पल्याड उड्या सुरू झाल्या की उजेड हलतो. सेटिंग्ज उतरवा, फ्रेम ६० च्या खाली जाऊ देऊ नका. लोडिंगच्या पडद्यावर तरीही लुकलुकेल, तेवढं सोडून द्या.

मोजपट्टी: ३४ इंची असूनही बराच स्वस्त दिसला तर दुसरा आकडा वाचा. २५६०×१०८० असेल तर इंचाला ८२ च पिक्सेल पडतात, अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. १४४० वाल्याला ११० पडतात. १०८० च घ्यायचा तर २९ इंची बरा.

टेबलाचं : रुंदी ८० सेंमी, चार फुटांत आरामात बसेल. अडचण टेबलाच्या पुढून मागपर्यंतच्या जागेची. १५००आर (१५०० मिमी त्रिज्येच्या) वक्रात दोन्ही टोकं मध्यापेक्षा सुमारे ५ सेंमी पुढे येतात, शिवाय स्टँडचे फाकलेले पाय. डोळ्यांपासून ७०-७५ सेंमी अंतर हवं. स्वस्त स्टँडची उंची बऱ्याचदा बदलत नाही. आर्म (टेबलाला जोडायचा हात) लावणार असाल तर मागच्या भोकांमधलं अंतर ७५ मिमी की १००, आणि स्टँडशिवाय वजन किती, हे आधी पाहा.

धागाकर्ता: व्हॅलोरंट रविवारपुरताच आहे. ३४ कडे झुकतोय.

सपाट_सरळ: मग निदान परत घेणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. पहिल्याच रात्री अंधारात पूर्ण काळं चित्र लावून कोपऱ्यांतून उजेड झिरपतो का बघा, मग टेस्ट यूएफओ या वेबसाइटवर पार्श्वभूमी काळी करून गडद राखाडी पट्टी सरकवा. मागे उरणारी फराट्याची शेपूट खपत नसेल तर मुदतीत परत.