कापूस वेचणी: तास कोणाला, वजन कोणाचं

वेचणीला मुकादमिनीच्या (टोळीच्या प्रमुख बाईच्या) जवळच्या बायांना भरल्या पऱ्हाटीचे (कपाशीचे) तास, म्हणजे ओळी, आणि बाकीच्यांना बांधाकडचे, अशी वेचणाऱ्या बायांची तक्रार आहे. त्यावर दिला जाणारा 'सांभाळून घ्या' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. मजुरी किलोवर आहे, म्हणजे तास बदलला की कमाई बदलते.

सकाळी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाका. दहा बाया असतील तर पहिल्या फेऱ्यात चिठ्ठीच्या क्रमाने १ ते १० असे तास द्या, दुसऱ्या फेऱ्यात उलट, १० ते १. मग बांधाकडचा तास एकीच्याच वाट्याला राहत नाही. खरी कुरबूर पुढे होते: एखादी फुललेली बोंडं झपाझप वेचते, कवडी (नीट न उमललेली, किडकी बोंडं) तशीच सोडते आणि शेजारच्या तासात हात घालते. झाड ज्या तासात, त्याच्या फांद्याही त्याच तासाच्या, आणि तास साफ झाल्याशिवाय पुढचा नाही, हे आधीच ठरवा.

काटा तपासायला त्यावर रिकामी कॅन लावा, मग मापाने १० लिटर पाणी भरा. फरक १० किलोच यायला हवा. रिकामं पोतंही सगळ्यांदेखत मोजून तेवढंच वजन कापा. अंदाजे किलोभर कापणं म्हणजे सरळ लूट आहे. प्रत्येकीने वजन आपल्या वहीत लिहावं.

दव असताना वेचलेला कापूस जड भरतो, म्हणून सगळ्यांनी दव उडाल्यावर एकाच वेळी सुरुवात करावी. शेतकऱ्याचंही त्यात हित आहे, सीसीआय (सरकारी भारतीय कापूस महामंडळ) १२ टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला कापूस घेत नाही.

शेवटच्या वेच्याला (वेचणीच्या फेरीला) बोंडं विरळ असतात. तिथे किलोऐवजी रोज, म्हणजे दिवसाची ठरलेली मजुरी, मागा.