पिकअपचा टेंपरेचर काटा एकदम लाल पट्ट्यात जातो, पण इंजिन तापलेलं नसतं

सासवड_माल:
सेकंडहँड डिझेल पिकअप, २०१४ मॉडेल. सासवड ते मार्केट यार्ड, दिवे घाटातून. काटा मध्यावर असतो, मग अचानक लाल पट्ट्यात जातो आणि बझर वाजतो. बाजूला घेऊन बघितलं तर कुलंट मिन-मॅक्सच्या मध्ये, उकळी नाही, वाफ नाही. थोड्या वेळाने काटा जागेवर. चढावरच होतं असंही नाही. खड्ड्यात होतं आणि रात्री हेडलाइट लावले की जास्त होतं. गॅरेजवाले म्हणतात थर्मोस्टॅट काढून टाका. काढू का?

वायरिंग_भोसरी:
थर्मोस्टॅटला हात लावू नका. तो म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. तो काढला की डिझेल इंजिन थंड चालतं, ॲव्हरेज पडतं, ऑइल लवकर खराब होतं. शिवाय बऱ्याच इंजिनांत बायपासची वाट बंद करण्याचं कामही थर्मोस्टॅटच करतो. तो नसला तर थोडं कुलंट रेडिएटरला वळसा घालून तसंच परत फिरतं आणि चढावर इंजिन खरोखर तापतं.

काटा किती वेळात चढतो ते बघा. एवढं लोखंड आणि कुलंट एका सेकंदात तापत नाही. झटक्यात चढला तर आधी वायरिंग तपासायची.

खात्री करायला इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. थर्मोस्टॅट हाउसिंगवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर मोजा. उघड्या चकचकीत ॲल्युमिनियमवर तो हमखास कमी दाखवतो. काटा लाल आणि टेपवर ८०–९५ अंश, म्हणजे वॉर्निंग खोटी.

सेंडर (काट्याला तापमान कळवणारा सेन्सर) एका वायरचा असेल तर इग्निशन ऑन ठेवून वायर काढा. काटा थंडकडे पडला पाहिजे. वायर काढूनही लालमध्येच राहिला, तर वायर मध्येच कुठेतरी सोलून बॉडीला लागतेय किंवा डॅशबोर्डवरचा मीटर खराब आहे. खड्ड्यात होतं म्हणताय, तर इंजिन आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) यांच्यामधला हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने हलवत काट्याकडे बघा. ब्रॅकेटच्या धारेवर आणि एक्झॉस्टजवळ आधी शोधा.

दोन पिनचा सेन्सर ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) जात असेल तर स्कॅनर लावा. पी-०११७ हा एरर कोड आला म्हणजे सिग्नल वायर अर्थ होतेय (बॉडीला लागतेय) किंवा सेन्सर आतून शॉर्ट. प्लग काढल्यावर लाइव्ह डेटात उणे ४०च्या आसपास दिसलं तर वायरिंग ठीक, सेन्सर बदला.

आणि हेडलाइट लावल्यावर डिझेलचा काटाही हलतो का, ते सांगा.

रेडिएटर_कात्रज:
वरचं बरोबर, पण एअर लॉक (कुलंटमध्ये अडकलेली हवा) विसरू नका. जुनी गाडी विकताना कुलंट घाईत भरलेलं असतं. सेन्सरच्या टोकाशी वाफेचा कप्पा अडकला तर काटा पटकन वर-खाली होतो, टाकीत लेव्हल बरोबर असूनसुद्धा. इंजिन थंड असताना रेडिएटर कॅप काढा, पुढची चाकं उंचावर ठेवा, ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर उघडा, हीटर फुल हॉटवर ठेवून आयडलला चालवा. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. तासभर चालूनही बुडबुडे थांबत नसतील, किंवा थंड इंजिन सुरू केल्या केल्या वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेल्याची शंका घ्या. मग वॉर्निंग खोटी नाही.

सेंडर काढलाच तर पातेल्यात उकळून त्याचा रेझिस्टन्स मोजा. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, १०० धरू नका. दोन पिनचा नेहमीचा सेन्सर २० अंशांना साधारण अडीच किलोओहम, ८० ला तीनशे ओहमच्या आसपास, उकळत्या पाण्यात दोनशे ओहमच्या जवळ. गेज सेंडरचे आकडे वेगळे असतात, ते मॅन्युअलमध्ये बघा. नाना पेठेतून नवा घेताना जुना सोबत न्या आणि पार्ट नंबर जुळवा. आटे तेच असले तरी आतली व्हॅल्यू वेगळी निघते, मग काटा कायम वर राहतो.

सासवड_माल:
टेपवर ८८. लाइट आणि ब्लोअर लावल्यावर डिझेलचा काटाही सरकतो. सेंडर एका वायरचा आहे, वायर काढल्यावर काटा खाली येतो. पण हार्नेस हलवला की उडी मारतो.

वायरिंग_भोसरी:
मग दोष दोन आहेत, एक दुरुस्त करून थांबू नका. उडी सोललेल्या वायरची. तेवढा तुकडा कापून नवीन टाका, स्लीव्ह घाला, क्लिपने धारेपासून लांब बांधा. नुसती टेप गुंडाळली तर इंजिनच्या उष्णतेने सुटते.

दोन्ही काटे एकत्र हलतात, म्हणजे दोष डॅशबोर्डवरच्या मीटरच्या अर्थ जोडणीत किंवा त्याला मिळणाऱ्या सप्लायमध्ये. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरच्या अर्थ पिनला, लाइट-ब्लोअर चालू. ०.१ व्होल्टच्या आत हवं. ०.३ आलं तर डॅशबोर्डमागचा अर्थ बोल्ट काढून गंज आणि रंग घासून चकचकीत करा, पुन्हा आवळा. अर्थ चांगला निघाला तर सप्लायची बाजू मोजा. जुन्या मीटरमध्ये काट्यांना स्थिर व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर असतो, तो बिघडला की दोन्ही काटे वर दाखवू शकतात.

सेंडरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप मात्र गुंडाळू नका. एका वायरच्या सेंडरला अर्थ आट्यांतूनच मिळतो. तो तुटला की काटा कमी दाखवतो, आणि इंजिन खरंच तापलं तर कळणारच नाही.

रेडिएटर_कात्रज:
तसंच कुलंट पूर्ण गळालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलटा खाली येतो. घाटात चढता चढता काटा एकदम थंडला गेला तर लगेच इंजिन बंद करा.