‘इंग्रजी अक्षरांत लिहा, मराठी आपोआप होतं’ असं सांगणाऱ्यांना

टंकलेखक:
‘इन्स्क्रिप्ट शिकण्यात वेळ घालवू नका, इंग्रजी अक्षरांत लिहा, मराठी आपोआप होतं’ अशी एक पोस्ट फिरतेय आणि खाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागलीय. नव्यानं शिकणाऱ्यांचं यानं नुकसान होतं, म्हणून सविस्तर लिहितो. इन्स्क्रिप्ट म्हणजे देवनागरी अक्षरं थेट कळांवर बसवलेला प्रमाण कीबोर्ड.

आपोआप काहीही होत नाही. के-ए-एल दाबलं की काल, काळ, कल की कळ? यंत्र अंदाज बांधतं आणि पर्यायांची पट्टी पुढे करतं. न-ण, ल-ळ, त-ट, द-ड या जोड्या रोमनमध्ये एकेका अक्षरावर येतात, ऱ्हस्व-दीर्घाचाही तोच घोळ. त्यामुळे शब्दागणिक नजर पट्टीवर न्यावी लागते. समोर हस्तलिखित ठेवून टंकायचं असेल तर हे चालतच नाही, कारण नजर कागदावर हवी.

इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. के वर क, शिफ्ट दाबून ख. एन वर ल, शिफ्टनं ळ. डी वर हलंत, म्हणजे पाय मोडायची खूण. जोडाक्षर शाळेत फोड करून शिकलो तसंच: क, हलंत, त. सुरुवात फक्त मधल्या ओळीनं करा. तेवढ्यावर परत, चिकट, टोक, पुरे हे शब्द होतात. बोटं बसली की वरची ओळ घ्या, खालची सगळ्यात शेवटी. कळांवर अक्षरांचे स्टिकर लावू नका, मान खाली घालायची सवय मोडत नाही.

विंडोजमध्ये वेगळं काही उतरवावं लागत नाही. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथे मराठी जोडा. ‘मराठी’ आणि ‘मराठी फोनेटिक’ असे दोन कीबोर्ड मिळतात, त्यातला पहिला इन्स्क्रिप्ट. भाषा बदलायला विंडोज कळ आणि स्पेस.

मोबाइलमराठी:
दादा, ती पोस्ट माझीच. तुम्ही टायपिस्टसाठी बोलताय, मी सगळ्यांसाठी लिहिलं होतं. आज बहुतेकांचं मराठी लिहिणं फोनवर होतं. तिथे दहा बोटं नसतात, दोन अंगठे असतात. डावा हात-उजवा हात हे गणित तिथे लागूच होत नाही.

आणि कळा मोजा. ‘विद्यार्थी’ला इन्स्क्रिप्टमध्ये व, ि, द, हलंत, य, ा, र, हलंत, थ, ी अशा दहा कळा, शिवाय थ साठी शिफ्ट. रोमनमध्ये नऊ अक्षरं आणि एक स्पेस. कुठे आहे तुमचा फायदा? जीबोर्डनं, म्हणजे गूगलच्या फोनवरच्या कीबोर्डनं, चुकीचा शब्द लक्षात ठेवला असेल तर पट्टीतला तो शब्द दाबून धरा आणि कचरापेटीवर ओढा, पुन्हा येत नाही. पट्टी वापरायची कशी हे लोकांना सांगा, त्यांना घाबरवू नका.

टंकलेखक:
कळा सारख्या भरतात हे मान्य. पण त्या दहा कळांनंतर शब्द पक्का असतो, तपासावा लागत नाही. तुमच्या दहा कळांनंतर तपासणी सुरू होते. आणि दर्या-दऱ्या, आचार्यांना-आचाऱ्यांना यांत तुमची पट्टी हमखास घोटाळा करते. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे वर ऱ, मग हलंत, मग य. प्रश्न मिटला.

छापखाना:
मिटला नाही. हेच ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठवलेलं येतं. एकात ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना फरक नाही, डेटाबेसला दोन वेगळे शब्द. एखाद्या प्रणालीनं ते अदृश्य चिन्ह गाळलं की ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं आणि शिव्या आम्हाला बसतात. ‘ॲप’ या शब्दाचंही तेच: ॲ हे एकच अक्षर, अ वर वेगळा चंद्र दिला तर दोन, आणि कुणी हिंदीतला ऍ घालतं. म्हणून आम्ही श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये काम करतो. जे दिसतं तेच छापलं जातं.

कोशकार:
काका, हे वाचून राहवत नाही. ‘जे दिसतं तेच’ या हट्टापायी कितीतरी अंक आणि स्मरणिका वाया गेल्यात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं, इंग्रजी चिन्हांच्या जागी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. फॉन्ट काढला की उरतात निरर्थक चिन्हं. पीडीएफमध्ये शोध चालत नाही, त्यातला परिच्छेद उचलून कुठे नेता येत नाही.

रूपांतरही सरळ नसतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी आधी आणि अक्षर नंतर असतं, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, उलट. ती नुसतं अक्षर नाही, अख्खं जोडाक्षर ओलांडून मागे न्यावी लागते. रफार शेवटून उचलून पुढे आणावा लागतो. श्रीलिपीचा रूपांतराचा तक्ता कृतिदेव या दुसऱ्या जुन्या फॉन्टला चालत नाही. प्रत्येक रूपांतरानंतर रफार आणि वेलांट्या हातानं तपासाव्या लागतात. हा खर्च तुम्ही पुढच्या माणसावर ढकलताय.

छापखाना:
ढकलताय काय? आमच्याकडे पानं लावायला पेजमेकर आहे. त्याची ७ वी आवृत्ती २००१ ची, त्यापुढे आलीच नाही, आणि त्याला युनिकोड देवनागरी कळत नाही. नवं सॉफ्टवेअर भाड्यानं घ्यायचं, ऑपरेटरला नव्यानं शिकवायचं आणि लग्नपत्रिकेचे दर मात्र तेच ठेवायचे. इनडिझाइन हे नवं सॉफ्टवेअर लावून बघितलं तर ‘किल्ला’तली वेलांटी भलतीकडे आणि हलंत उघडे पडले. हे तुमच्या युनिकोडचं कौतुक.

कोशकार:
तो युनिकोडचा दोष नाही, सेटिंग राहिलंय. पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातला मेनू उघडा, ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ निवडा. मजकूर ओतण्याआधी हेच पॅराग्राफ स्टाइलमध्ये घालून ठेवा, म्हणजे पानापानावर करावं लागणार नाही.

‘ऱ्या’बद्दलची तुमची तक्रार खरी आहे, पण उपाय आहे. मजकूर नोटपॅड प्लस प्लसमध्ये घ्या. जोडचिन्हाचं ‘र्‍या’ त्याच मजकुरातून कॉपी करून शोधात चिकटवा, बदलीत ‘ऱ्या’ टाका. मग ‘ऱ्ह’साठी तसंच. सगळी अदृश्य चिन्हं एकदम पुसू नका, नाहीतर तेच ‘दुसर्या’ पदरात पडेल.

छापखाना:
कंपोजरचं करून बघतो. नवीन कामं युनिकोडमध्ये घेईन. जुन्या फाइल्स मात्र आहेत तशाच राहणार. तपासणीचे पैसे कोणी देत नाही, आणि फुकट मी करणार नाही.

मोबाइलमराठी:
माझ्या पोस्टवर सुरू झालं आणि छापखान्यात पोचलं. असो. पोस्टमध्ये ‘फोनवर’ हा शब्द घालतो. लॅपटॉपवर पानंच्या पानं टंकायची असतील तर इन्स्क्रिप्ट शिका, एवढं मान्य. अंगठ्यांनी दोन ओळी लिहिणाऱ्याला ते शिकायला लावणं मला आजही पटत नाही.

टंकलेखक:
‘आपोआप’ हा शब्दही काढा. पट्टी बघून निवडावं लागतं, असं स्पष्ट लिहा. मग माझी हरकत नाही.